विश्वचषक आणि मैदानांतील जागा

राष्ट्राराष्ट्रांच्या संघांमध्यें खेळल्या जाणाऱ्या एकदिवसीय क्रिकेटच्या स्पर्धेला आपण विश्वचषक म्हणतों. या विश्वचषकाचा इतिहास सांगण्यास परभणी जिल्ह्यांतील सोनपेठसारख्या लहानशा गांवचा एक सेवानिवृत्त शिक्षक कां उभा राहावा, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. तो प्रश्न रास्त आहे. धांवांचे आणि बळींचे आंकडे आमच्या गांवांतील दहा वर्षांचें पोरहि मजपेक्षां बिनचूक सांगेल. परंतु आयुष्यभर इतिहास शिकवितांना मला एक संवय जडली. प्रसंग राज्याभिषेकाचा असो कीं लढाईचा, तेथें जिंकलें कोण याइतकेंच, तेथें बसावयास जागा कोणाला मिळाली आणि उंबऱ्याबाहेर कोण उभें राहिलें, हें मी मुलांना विचारीत असें. तोच प्रश्न आज आपण विश्वचषकाला विचारूं.

उत्तराचा आरंभ मुंबईच्या जुन्या सामन्यांपासून करणें प्राप्त आहे. १८९२ सालीं, लॉर्ड हॅरिस हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, युरोपियन आणि पारशी यांचा वार्षिक सामना सुरू झाला. १९०७ मध्यें हिंदु संघ आला व ती स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्यें मुसलमानांचा संघ आला व ती चौरंगी झाली. आणि १९३७ मध्यें या चौघांत न मोडणारे ख्रिस्ती, ज्यू वगैरे लोक एकत्र करून 'शेष' नांवाचा संघ आला व ती पंचरंगी झाली. या सामन्यांनीं आपल्याला थोर खेळाडू दिले, यांत शंका नाहीं. पण खेळाडूनें कोणत्या बाजूस उभें राहावयाचें, हें त्याच्या हातांतील कसब ठरवीत नसे. त्याचा जन्म ठरवीत असे.

आणि एका धर्माच्या संघांत तरी सर्वांस सारखी जागा होती काय? पाळवणकर बाळू यांचें चरित्र याचें उत्तर देतें. चर्मकार समाजांत जन्मलेले हे डावखुरे गोलंदाज पुण्याच्या युरोपियन जिमखान्यांत मैदानाच्या चाकरीस होते. तेथील गोऱ्या फलंदाजांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्यांची कला तयार झाली. पुढें पुण्याच्या हिंदु संघानें त्यांना खेळावयास घेतलें. पण मैदानावर ज्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चालत असे, त्यांना चहा मात्र तंबूबाहेर निराळ्या भांड्यांतून दिला जात असे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं सगळे सामने मिळून शंभराहून अधिक गडी बाद केले. इतकें करूनहि हिंदु संघाचें नायकपद त्यांच्या वांट्यास कधींच आलें नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला, आणि त्याच वर्षीं हिंदु संघानें स्पर्धा जिंकली.

१९३७ सालीं तर जागेचा प्रश्न अगदीं अक्षरशः उभा राहिला. मुंबईंत ब्रेबर्न क्रीडांगण नुकतेंच उभें राहिलें होतें. तेथें हिंदु जिमखान्याच्या वांट्यास येणाऱ्या बैठकी पुरेशा नाहींत, या कारणावरून हिंदु संघानें त्या वर्षीं स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. १९४० च्या अखेरीस हिंदु जिमखान्याचे लोक वर्धा येथें महात्मा गांधींच्या भेटीस गेले, तेव्हां त्यांनीं खेळांत जातवार संघ असावेत हें आपणांस मान्य नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. तरीहि सामने चालू राहिले. १९४३ च्या अंतिम सामन्यांत सांगलींत जन्मलेले विजय हजारे यांनीं 'शेष' संघाकडून हिंदु संघाविरुद्ध ३०९ धांवा केल्या. त्यांच्या संघाची त्या डावांतील एकंदर धांवसंख्या होती ३८७. इतका मोठा खेळाडू; पण तो ख्रिस्ती असल्यामुळें त्याच्या संघाचें नांव काय, तर 'शेष', म्हणजे बाकी उरलेले! १९४६ नंतर हे सामने बंद झाले, आणि १९३४ पासून चालू असलेली प्रांताप्रांतांची रणजी करंडक स्पर्धा हीच देशांतील प्रमुख स्पर्धा राहिली. धर्माऐवजीं प्रांत आला. या बदलांतील मर्म लक्षांत घ्यावें: प्रांत बदलतां येतो, नोकरीनिमित्त माणूस दुसऱ्या प्रांताकडून खेळूं शकतो; जन्म कोणाला बदलतां येत नाहीं.

आतां एकदिवसीय खेळाकडे वळूं. पांच दिवसांच्या कसोटी सामन्याला फावल्या वेळाची श्रीमंती लागते. सकाळीं शेतावर किंवा गिरणींत जाणाऱ्या माणसाला पांच दिवस मैदानावर बसतां येत नाहीं, आणि पांच दिवसांनीं सामना अनिर्णित राहिला तर तें त्याला उमगतहि नाहीं. इंग्लंडांत १९६३ सालीं परगण्यांच्या संघांसाठीं, प्रत्येक बाजूला पासष्ट षटकें असा मर्यादित खेळ सुरू झाला, तो प्रेक्षक पुन्हां मैदानाकडे यावेत म्हणून. राष्ट्रीय संघांचा पहिला एकदिवसीय सामना तर पावसाचें अपत्य आहे. मेलबर्न येथील कसोटी सामना पावसानें धुऊन निघाला, आणि ५ जानेवारी १९७१ रोजीं ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांनीं प्रेक्षकांसाठीं एका दिवसाचा सामना खेळून घेतला.

आपल्याकडेहि हा प्रकार १९७३ पासून दृढ होऊं लागला. विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेस प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर यांचें नांव देण्यांत आलें. देवधर हे पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक होते. आणि त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्राच्या संघानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला होता. तेव्हां त्यांचें वय पन्नाशीकडे झुकलें होतें. पाणिनीचीं सूत्रें आणि चेंडूची उसळी हीं दोन्हीं एकाच बुद्धीला वश होऊं शकतात, हें विद्यार्थ्यांना सांगतांना आम्हां शिक्षकांना हें एक उदाहरण पुरेसें असे.

पहिला विश्वचषक कोणता, असें विचारलें तर बहुतेक लोक १९७५ चें साल सांगतात. तें पुरुषांच्या बाबतींत खरें आहे. परंतु त्यापूर्वीं दोन वर्षें, १९७३ च्या उन्हाळ्यांत, इंग्लंडांत स्त्रियांचा विश्वचषक होऊन गेला होता. रेचल हेहो-फ्लिंट या इंग्लंडच्या कर्णधार होत्या. जॅक हेवर्ड नांवाच्या धनिकानें खर्चाचा भार उचलला आणि इंग्लंडनें ऑस्ट्रेलियाचा पराभव करून चषक मिळविला. म्हणजे ज्यांना मैदानावर सर्वांत कमी जागा होती, त्यांनींच हा पायंडा आधीं पाडला. हा धागा आपण हातीं धरून ठेवूं. त्याची गांठ शेवटीं नव्या मुंबईंत बसणार आहे.

१९७५ च्या पहिल्या सामन्यांत आपल्या संघाला हा खेळ कळलाच नव्हता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. ७ जून रोजीं लॉर्ड्सवर इंग्लंडनें साठ षटकांत ३३४ धांवा केल्या. उत्तरादाखल भारतानें साठ षटकें खेळून ३ बाद १३२ इतकीच मजल मारली, आणि सुनील गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धांवांवर नाबाद राहिले. १९७९ मध्यें तर तिन्हीं सामने आपण हरलों. पण २५ जून १९८३ रोजीं त्याच लॉर्ड्सवर कपिलदेव यांच्या संघानें, अवघ्या १८३ धांवा हाताशीं असतांना, वेस्ट इंडीजला १४० मध्यें गुंडाळलें. त्या चमूंत मुंबईचे पांच जण होते: गावसकर, दिलीप वेंगसरकर, संदीप पाटील, रवि शास्त्री आणि बलविंदरसिंग संधू. संधूंनीं अंतिम सामन्यांत आंत वळणाऱ्या चेंडूवर ग्रीनिजचा त्रिफळा उडविला, तो क्षण पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्या वेळीं क्रिकेट मंडळाची तिजोरी इतकी रिती होती कीं, विजयी वीरांना बक्षीस देण्यासाठीं दिल्लीस लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम करावा लागला, व त्यांतून प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये देण्यांत आले.

त्या विजयाच्या वेळीं नागपूरचे नरेंद्रकुमार साळवे हे मंडळाचे अध्यक्ष होते. अंतिम सामन्यासाठीं त्यांनीं आणखी दोन प्रवेशिका मागितल्या व लॉर्ड्सच्या अधिकाऱ्यांनीं त्या नाकारल्या, अशी हकीकत सांगतात. पुन्हां जागेचाच प्रश्न! साळव्यांनीं त्या अपमानाचें भांडण केलें नाहीं. त्यांनीं तो चषकच आपल्या अंगणांत आणण्याचा विडा उचलला. फाळणीनंतर ज्या दोन देशांमध्यें लढाया झाल्या होत्या, त्या भारत आणि पाकिस्तान यांनीं एकत्र येऊन मागणी केली, मतें मिळविलीं, आणि १९८७ सालीं पुरुषांचा विश्वचषक प्रथमच इंग्लंडच्या बाहेर पडला. आपल्याकडे शरदांतील दिवस लहान, म्हणून साठ षटकांची पन्नास झालीं. तीं आजतागायत तितकींच आहेत. भारतांत चौदा व पाकिस्तानांत सात गांवीं सामने झाले. एकाच राजधानींत सर्व कांहीं न ठेवतां खेळ दूरदूरच्या शहरांत वांटला गेला, ही त्या स्पर्धेची मोठी कामगिरी होय.

महाराष्ट्राच्या वांट्यास तेव्हां मुंबई, पुणें व नागपूर हीं तीन ठिकाणें आलीं. ३१ ऑक्टोबरला नागपुरास चेतन शर्मांनीं न्यूझीलंडचे तीन गडी ओळीनें त्रिफळाबाद केले. विश्वचषकांतील ती पहिली त्रयी. त्याच सामन्यांत गावसकरांनीं ८८ चेंडूंत नाबाद १०३ धांवा केल्या. बारा वर्षांपूर्वीं ३६ धांवांसाठीं साठ षटकें खेळलेला हाच तो फलंदाज! वयाच्या अडतिसाव्या वर्षीं माणूस नवी विद्या शिकूं शकतो, असा याचा अर्थ मी घेतों. एकदिवसीय सामन्यांतील तें त्यांचें एकमेव शतक ठरलें. पांच दिवसांनीं, ५ नोव्हेंबरला, मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर इंग्लंडच्या ग्रॅहम गूच यांनीं चेंडू झाडूनच मारावयाचा, असा निश्चय करून ११५ धांवा काढल्या आणि आपण ३५ धांवांनीं हरलों. गावसकर चार धांवांवर त्रिफळाचीत झाले व पुन्हां भारताकडून खेळले नाहींत. आपल्या बाजूनें सर्वाधिक, ६४ धांवा, हैदराबादच्या महंमद अझरुद्दीन यांनीं केल्या.

वानखेडे क्रीडांगणाचा जन्महि जागेच्याच तंट्यांतून झाला, हें येथें सांगितलें पाहिजे. ब्रेबर्न हें क्रिकेट क्लबाच्या मालकीचें. सामन्याच्या वेळीं मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनला किती बैठकी द्यावयाच्या यावरून दोघांचें बिनसलें. तेव्हां विधानसभेचे अध्यक्ष व असोसिएशनचे पुढारी शेषराव वानखेडे यांनीं जवळच नवें क्रीडांगण बांधावयास घेतलें, आणि जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. १९३७ च्या तंट्यानें एक संघ बाहेर पडला. या तंट्यानें एक नवें मैदान उभें राहिलें. भांडणाचें फळ माणसाच्या वृत्तीवर अवलंबून असतें.

मैदानावर ज्यांना जागा मिळत नव्हती, अशा लक्षावधि लोकांना मात्र आकाशवाणीनें जागा दिली. आमच्या मराठवाड्यांतील खेड्यांत वानखेडे कोणीं पाहिलें होतें? पण बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनीं क्रिकेट मराठींत बोलतें केलें. स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेल्या पंडितांच्या वाणींतून चेंडू सीमेपार जाऊं लागला, तेव्हां इंग्रजी न येणारा शेतकरीहि पारावर बसून त्या सामन्याचा प्रेक्षक झाला. ज्या खेळाचे शब्द आपल्या भाषेंत येतात तोच खेळ आपला होतो. षटक, यष्टिरक्षक, त्रिफळा, झेल हे शब्द आज आमच्या पोरांच्या तोंडीं इतके रुळले आहेत कीं, हा खेळ साता समुद्रांपलीकडून आला हें त्यांना सांगावें लागतें.

२९ फेब्रुवारी १९९६ रोजीं पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर जें घडलें, तें मला या सर्व इतिहासांत विशेष प्रिय आहे. केनियाचा संघ विश्वचषकांत प्रथमच आला होता. समोर वेस्ट इंडीज, दोन वेळां जगज्जेता झालेला. केनियाच्या साऱ्या डावाच्या धांवा १६६. पण मॉरिस ओडुंबे व रजब अली यांनीं तीन तीन गडी बाद केले, आणि लारा, रिचर्डसन असे फलंदाज असलेला वेस्ट इंडीजचा संघ ९३ धांवांत संपला. यांत पुणेकरांचें कांहीं जिंकावयाचें वा हरावयाचें नव्हतें. तरी त्यांनीं त्या नवख्या पाहुण्यांच्या विजयाचा जयजयकार केला. पंधरवडा उलटण्यापूर्वीं, १३ मार्चला, कलकत्त्यास आपला संघ हरूं लागतांच कांहीं प्रेक्षकांनीं बाटल्या फेंकल्या व जाळपोळ केली; सामना थांबवून श्रीलंकेस विजयी ठरवावें लागलें. एकाच स्पर्धेंतील हे दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहावेत. बैठक मिळणें हा हक्क झाला. त्या बैठकीवर कसें बसावें, हा संस्कार झाला.

२ एप्रिल २०११ रोजीं वानखेडेवर श्रीलंकेच्या २७४ धांवा ओलांडून आपण पुन्हां जगज्जेते झालों. गौतम गंभीर यांनीं ९७ आणि कर्णधार महेंद्रसिंग धोनी यांनीं नाबाद ९१ धांवा केल्या. त्या स्पर्धेंत आपल्याकडून सर्वाधिक, २१ गडी, झहीर खान यांनीं बाद केले. ते अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूरचे. उंसाच्या मळ्यांचें, तालुक्याचें गांव तें. आमच्या सोनपेठच्या मुलांनीं आपल्या गांवाशीं ताडून पाहावें असें. शंभर वर्षांपूर्वीं झहीर खान आणि सचिन तेंडुलकर मुंबईंत परस्परांच्या विरुद्ध बाजूंस उभे केले गेले असते. त्या रात्रीं दोघे एकाच तिरंग्याखालीं मैदानाला फेरी घालीत होते.

आतां तो राखून ठेवलेला धागा. आपल्या देशांत स्त्रियांच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ सालीं पुण्यास झाली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७८ मध्यें स्त्रियांचा विश्वचषक भारतांत भरला. मुंबईच्या डायना एडलजी कर्णधार होत्या, आणि आपण तिन्हीं सामने हरलों. २००५ व २०१७ या सालीं अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात रिते राहिले. दुसऱ्या खेपेस तर केवळ नऊ धांवा कमी पडल्या. २०१३ सालीं स्पर्धा मुंबईंत आली, तेव्हां वानखेडेवर ठरलेले सामने रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठीं दुसऱ्या मैदानावर हलविण्यांत आले. जगांतील स्त्रियांचा चषक आणि पुरुषांचा प्रांतिक करंडक यांत जागा कोणीं सोडावयाची, याचें उत्तर तेव्हां असें होतें.

३० ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या मुंबईंत डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ऑस्ट्रेलियानें ३३८ धांवा केल्या. स्त्रियांच्या विश्वचषकांत इतक्या धांवा पाठलाग करून कोणींच काढल्या नव्हत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज यांनीं नाबाद १२७ धांवा करून तो डोंगर पार केला. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेवर ५२ धांवांनीं मात करून हरमनप्रीत कौर यांच्या संघानें चषक उंचावला. शफाली वर्मा यांच्या ८७ धांवा, दीप्ति शर्मा यांचे पांच बळी, हें सारें आपण ऐकलेंच आहे. विजय हजाऱ्यांच्या सांगलींत वाढलेल्या स्मृति मानधना यांनीं स्पर्धेंत ४३४ धांवा केल्या. आणि जेमिमा? पंचरंगी सामन्यांच्या काळीं मुंबईच्या या ख्रिस्ती घरांतील पुरुषालाहि 'शेष' म्हणून खेळावें लागलें असतें. स्त्रीला तर तीहि जागा नव्हती. त्या संघाचे शिक्षक अमोल मुजुमदार हेहि मुंबईचे. प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांहून अधिक धांवा करूनहि भारताच्या संघांत त्यांना एकदांहि जागा मिळाली नाहीं. ज्याला दार उघडलें नाहीं, त्यानेंच इतरांसाठीं तें उघडून दिलें. शिक्षकाच्या धंद्याचें याहून थोर वर्णन मला सुचत नाहीं.

श्रोतेहो, एका शतकाहून अधिक काळाचा हा हिशेब मांडला असतां काय दिसतें? ज्यांना तंबूबाहेर ठेवलें होतें, ते एकामागून एक आंत आले. आणि प्रत्येक वेळीं नवा मनुष्य आंत आल्यानें खेळ वाढला, खालावला नाहीं. तरी हिशेब पुरा झालेला नाहीं. आमच्या भागांत ज्वारी निघाली, रान मोकळें झालें, कीं रबरी चेंडूचे डाव पडतात. त्यांत मुलगे खेळतात. बहिणी बांधावर उभ्या राहून धांवा मोजतात. शाळांतूनहि खेळाच्या तासाला चेंडूफळी मुलग्यांच्या हातीं आणि दोरीच्या उड्या मुलींच्या वांट्याला, हीच वहिवाट पुष्कळ ठिकाणीं आहे. यासाठीं मोठें क्रीडांगण लागत नाहीं, धनिकाची देणगी लागत नाहीं. आठवड्यांतील एक तास, तीच फळी, तोच चेंडू मुलींच्या हातीं द्यावयाचा, एवढेंच आहे. हें शिक्षकांनीं करावें, पालकांनीं करूं द्यावें. त्यांतील एखादी पुढें देशाकडून खेळेल कीं नाहीं, हा प्रश्न दुय्यम आहे. बांधावरून मैदानांत येण्याची तिची पाळी आली आहे, एवढें आपण ओळखावें, आणि ती येईल तेव्हां जरा सरकून तिला जागा करून द्यावी.